‘आज कोण कुणावर प्रार्थना करणार?’ – वसईतल्या एका घरातल्या रोझरीचं प्रकरण

हे प्रकरण वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका गावातलं आहे. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. त्यांनी मसुदा वाचला, दोन ठिकाणी काट मारली आणि एका ठिकाणी "हे राहू दे" असं सांगितलं. नावं दिलेली नाहीत, नात्यांनीच बोलू: आजी, नवरा, बायको, मुलगी, मुलगा. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशीलही बदलले आहेत.

मी आणि माझी पत्नी ज्या कुटुंब-गटात आहोत, त्यातच हे जोडपं आहे. पाच जोडपी, एक फादर, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बैठक. आधी प्रार्थना, मग जेवण, मग महिना कसा गेला ते एकेकाने सांगायचं. त्या वर्षी गटाची जबाबदारी आमच्याकडे होती, म्हणून या प्रकरणातल्या काही चुकाही आमच्याच आहेत.

पार्श्वभूमी

घर जुनं, बैठं, पुढे ओटा. मागे वाडी: राजेळी केळी, थोडी पानवेल, नारळ, विहीर. आजोबा होते तोवर वाडी घर चालवण्याइतकं देत होती. आता विहिरीचं पाणी मचूळ झालंय आणि केळींच्या जागी गवत वाढलंय. समुद्राकडच्या गावांना यात काही नवं वाटणार नाही.

आजोबा एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. हॉस्पिटलचं बिल भागवायला नवऱ्याने जे कर्ज काढलं, त्याचे हप्ते २०२४ मध्येही चालूच होते. तो अंधेरीच्या एका कंपनीत हिशेब बघतो. बायको नर्स आहे, तिन्ही पाळ्या करते. मुलगी तेव्हा अकरावी सायन्सला, मुलगा सहावीत.

संध्याकाळी आठला रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना. आजी, वय ७४, लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासूनचा हा नेम. ‘नमो मरिया’ ही मरियामातेची छोटी प्रार्थना दहा वेळा म्हटली की एक दशक. अशी पाच दशकं, म्हणजे पन्नास नमो मरिया, मग लितानी, म्हणजे मरियामातेच्या नावांची आळवणी, मग मृतांसाठी प्रार्थना आणि शेवटी ज्याचा त्याचा हेतू, म्हणजे कशासाठी किंवा कुणासाठी प्रार्थना करायची ते सांगणं. भरभर म्हटलं तर वीस मिनिटांत आटोपतं. आजी भरभर म्हणू देत नाहीत, त्यामुळे अर्धा तास सहज जातो.

या रोझरीत एक जुनं, निरुपद्रवी भांडण होतं, ते सांगायलाच हवं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये जपमाळेत प्रकाशाची रहस्ये जोडली आणि गुरुवार त्यांना दिला. (रहस्ये म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग. प्रत्येक दशकाला एकाचं मनन करायचं, आणि कोणत्या वारी कोणती हे ठरलेलं असतं.) आजींना हे कधीच पटलं नाही. त्यांच्या लहानपणापासून गुरुवार आनंदाच्या रहस्यांचा, तो तसाच राहणार. मुलगा धर्मशिक्षणाच्या वर्गात नवा क्रम शिकून आला, त्यामुळे दर गुरुवारी सुरुवातीलाच दोघांची जुंपायची. सगळे हसायचे. घरात हसण्याजोगी प्रार्थना असणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे ती गेल्यावर कळतं.

काय बिघडलं

२०२४ साली राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १४ फेब्रुवारीला आला होता. त्याच दिवशी व्हॅलेंटाइन डे, त्यामुळे गावभर कपाळावर राख आणि हातात गुलाब अशी थट्टा चालू होती. बायकोने पाळी बदलून घेतली होती. संध्याकाळची मिस्सा झाली, आठला सगळे घरच्या अल्तारासमोर बसले. पाच दशकं झाली, लितानी झाली, हेतूंची वेळ आली.

आजी म्हणाल्या, "आपल्या वाडीसाठी. ती ज्याच्या हातात जाईल त्याने झाडं राखावीत म्हणून, एक नमो मरिया."

बायकोने सगळ्यांबरोबर नमो मरिया म्हणायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर ती थांबली. वाडी विकायला काढली आहे, हे तिला त्या क्षणी कळलं.

नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ यांनी जानेवारीतच एका खरेदीदाराकडून इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घेतला होता. रक्कम तीन लाख. त्यातले निम्मे नवऱ्याने कर्जात भरूनही टाकले होते. घरात आईखेरीज कुणाला सांगितलेलं नव्हतं, आणि आईला बजावलं होतं, "सगळं नक्की होईपर्यंत घरात बोलू नकोस."

त्या रात्री दोघांचं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं असं आता दोघंही म्हणतात. बायकोने एक शब्दही काढला नाही. दुसऱ्या दिवशी हेतूंच्या वेळी मात्र ती म्हणाली, "या घरात सगळ्यांना खरं बोलायची बुद्धी व्हावी म्हणून." तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा हेतू: "ज्यांना आपल्या पगाराचा अभिमान झालाय त्यांच्यासाठी." मग आजींचा, ज्यांना ड्युटीपुढे देवाला वेळ नाही त्यांच्यासाठी. पुढचे तीन आठवडे हे असंच चाललं. मराठीत हेतू या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. त्या घरात तेव्हा दुसराच अर्थ चालू होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुलीने रोझरीला बसणं सोडलं. अभ्यास आहे, म्हणाली.

आमच्याकडे प्रकरण कसं आलं

मार्चच्या बैठकीत नवऱ्याने विषय काढला तो असा: "मुलगी रोझरीला बसत नाही. काय करावं?" वाडीचा उल्लेख नाही, इसाराचा नाही. बायको शेजारी बसून जेवणाची ताटं आवरत होती. तीही काही बोलली नाही.

पुढे वळून पाहताना हा पहिला निर्णायक क्षण दिसतो, आणि तो आमच्या हातून सुटला. सोळा वर्षांची मुलगी प्रार्थनेला बसत नाही म्हटल्यावर गटातल्या प्रत्येकाला आपापलं पोर आठवलं. मोबाइल, क्लासेस, सीईटी, आजकालची मुलं. अर्धा तास आम्ही त्यावरच बोललो. एकानेही विचारलं नाही की ती बसायची थांबली कधी, आणि त्या सुमारास घरात काय झालं होतं. फादर त्या दिवशी एका मयताला गेले होते. ते असते तर हा प्रश्न आला असता, असं मला वाटतं. पण हे म्हणजे स्वतःच्या चुकीला पळवाट शोधणं झालं.

पहिला उपाय

आमच्यासमोर तेव्हा दोन पर्याय दिसत होते. एक, जुनी शिस्त कायम ठेवायची: आठ म्हणजे आठ, सगळ्यांनी बसायचं. आमच्या पिढीतले बहुतेक जण याच शिस्तीत वाढलो, आणि रोझरी चुकवली तर जेवण नाही असं सांगणारी घरं मी पाहिली आहेत. दुसरा, प्रार्थना आटोपशीर करायची आणि सगळ्यांना वाटून द्यायची.

आम्ही दुसरा सुचवला, आणि मोठ्या उत्साहात. वेळ सव्वानऊ, म्हणजे दुपारपाळी करून आलेली बायकोही असेल. पाच दशकांऐवजी एक. रोज एकाने चालवायची: सोमवार मुलगा, मंगळवार मुलगी, असं. आणि, ही भर माझी, ‘मुलांना बोलायला वाव मिळावा’ म्हणून हेतू प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत मोठ्याने मांडायचे. माझ्या पत्नीने रंगीत तक्ता करून दिला. तो फ्रिजवर लागला.

अकरा दिवस चाललं. आम्ही रोझरीचा न दुखणारा भाग कापला होता आणि दुखणारा भाग वाढवला होता. पूर्वी पस्तीस मिनिटांत शेवटची पाच मिनिटं टोमणे असायचे. आता दहा मिनिटांत सहा मिनिटं. शिवाय आजींची पन्नास नमो मरिया गेली होती. ती म्हणताना त्यांचा जो राग निवायचा, तो आता निवतच नव्हता.

बाराव्या दिवशी पाळी मुलाची होती. सगळे बसले. त्याने तक्त्याकडे पाहिलं आणि साधेपणाने विचारलं, "आज कोण कुणावर प्रार्थना करणार?"

कुणावर. कुणासाठी नव्हे. त्याला व्याकरण चुकलं असेल असं वाटून नवरा हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. त्या रात्री साडेदहाला बायकोचा माझ्या पत्नीला फोन आला. वाडीची गोष्ट आम्हाला तेव्हा कळली.

पुन्हा पर्यायांकडे

दोन दिवसांनी आम्ही दोघं फादरांकडे गेलो. जोडप्याला विचारून गेलो. या बाबतीत तरी आम्ही नीट वागलो. फादरांनी सगळं ऐकलं आणि बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली गोष्ट काढली: वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, मग येऊन दान वाहा. "तिथेच ठेव म्हटलंय," फादर म्हणाले. "फेकून दे म्हटलेलं नाही, आणि तसंच रेटून वाहा असंही म्हटलेलं नाही."

मग चार वाटांचा विचार झाला.

रोझरी काही दिवस पूर्ण बंद ठेवावी, ही एक. फादरांचाही सुरुवातीला तिकडे कल होता. माझ्या पत्नीने विरोध केला, आणि तिचं कारण आजी होत्या. पन्नास वर्षांचा नेम त्यांच्या सुनेने नवऱ्याशी न बोलल्यामुळे मोडला, अशी ती गोष्ट गावात सांगितली जाणार होती. ते खरं होतं.

दुसरी, जोडप्याला मॅरेज एन्काउंटरच्या शिबिराला पाठवावं. फादर गाब्रिएल काल्व्हो यांनी १९६२ मध्ये स्पेनमध्ये सुरू केलेली ही चळवळ आपल्याकडेही रुळलेली आहे. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार, जोडपी एकमेकांना लिहितात आणि बोलतात. गटातल्या दोन जोडप्यांना त्याचा फार उपयोग झाला होता. बायकोने नकार दिला. लागून तीन दिवस रजा मिळणं कठीण हे एक कारण. दुसरं तिने स्पष्ट सांगितलं: "आमचं प्रेम आटलंय असं काही नाही. त्याने मला न विचारता जमीन विकलीय. त्यासाठी शिबिर कशाला?"

तिसरी, समुपदेशक. इथे एक गोष्ट आधी ठरवून घ्यावी लागते आणि ती आम्ही ठरवून घेतली: घरात मारहाण, धमकी, दारू, पैशाची कोंडी यांपैकी काही आहे का? असेल तर कुटुंब-गटाने हात घालू नये. प्रार्थना, समेट, क्षमा हे शब्द तिथे बाईलाच गप्प बसवायला वापरले जातात. माझ्या पत्नीने बायकोला एकटीला गाठून विचारलं. तसं काही नव्हतं.

चौथी, दोघांनी आधी बसून बोलावं.

बसणं

हे थोडं विस्ताराने सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

फादर आंरी काफारेल या फ्रेंच धर्मगुरूंनी १९३९ मध्ये पॅरिसमध्ये चार तरुण जोडप्यांबरोबर एक गट सुरू केला. त्यातून ‘टीम्स ऑफ अवर लेडी’ ही चळवळ वाढली, १९४७ मध्ये तिची सनद झाली, आणि आज ती भारतातही आहे. जोडप्याने घ्यायचे काही नेम त्यांनी ठरवले: देवशब्दाचं नियमित वाचन, एकट्याची प्रार्थना, दोघांची मिळून रोजची प्रार्थना, वर्षातून एकदा एकांतसाधना, स्वतःसाठी एक जीवननियम, आणि महिन्यातून एकदा देवासमोर दोघांनी निवांत ‘बसणं’. हा शेवटचा शब्द लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातून आला आहे: बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करत नाही का?

आपल्याकडे ‘बसू या का’ म्हटलं की लोक ग्लास शोधतात. नवऱ्यानेही तोच विनोद केला. पण हिशेबाच्या उपमेने त्याला धरलं. तो हिशेबाचाच माणूस आहे.

नियम साधे होते. घराबाहेर. फोन बंद. सुरुवातीला दोन मिनिटं गप्प, मनात प्रार्थना, मोठ्याने काहीही मागायचं नाही. मग एक जण बोलेल, दुसरा मध्ये तोडणार नाही. निर्णय त्याच दिवशी झाला पाहिजे असं नाही.

ईस्टर ३१ मार्चला झाला. त्यानंतरच्या रविवारी दुपारी दोघं समुद्राकडे गेले आणि सुरूच्या बनात बसले. वीस मिनिटांत परत आले. बायकोने एकच प्रश्न विचारला होता: "इसार घेतलास तेव्हा मी कुठे होते?" तो म्हणाला, "ड्युटीवर." मग दोघंही गप्प. तो आम्हाला म्हणाला, काही उपयोग नाही. ती म्हणाली, पुढच्या रविवारी परत जाऊ.

दुसऱ्या वेळी दीड तास. तेव्हा एप्रिल २०२१ निघाला. वडील शेवटचे तीन दिवस एकटे होते, कुणाला आत सोडत नव्हते. बायको त्या तीन दिवसांत दुसऱ्या हॉस्पिटलात कोविड वॉर्डला होती. तीन वर्षं त्याने मनात ठेवलेलं वाक्य तेव्हा बाहेर आलं: "बाबा गेले तेव्हा तू त्यांच्याजवळ असायला हवं होतंस." ती म्हणाली, "दुसऱ्यांच्या बाबांजवळ होते."

(‘हे राहू दे’ असं त्यांनी सांगितलं ते हे ठिकाण.)

कर्ज त्या बिलाचं होतं. हप्ते तो एकटा भरत होता, कारण तिच्याकडे मागणं म्हणजे ते सगळं पुन्हा उकरणं. वाडी विकली की कर्ज संपेल आणि तो विषयही संपेल, असा त्याचा हिशेब होता.

वाडीचा हिशेब

वकिलाकडे गेल्यावर दुसरा हिशेबही चुकलेला निघाला. मृत्युपत्र न करता गेलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. विधवेला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखे, मुलगा-मुलगी भेद नाही. इथे मुलं तीन: दोन भाऊ आणि नाशिकला दिलेली बहीण. म्हणजे सर्वांत मोठा वाटा आजींचा, आणि तिन्ही भावंडांचा प्रत्येकी दोन नवमांश. भावांनी बहिणीला गृहीत धरलं होतं. ती हक्कसोडपत्रावर सही करेलच, आजवर सगळ्याच बहिणी करत आल्या. तिने फोनवर शांतपणे सांगितलं, "सही मागायच्या आधी मला विचारायला हवं होतं."

सुनेचा कायद्याने काहीच वाटा नाही. तिला विचारण्याची कायदेशीर गरज कुणालाच नव्हती. नवरा सुरुवातीला यावर अडून बसला होता, आणि कागदावर तो बरोबरही होता.

मे महिन्यात सगळे एका रविवारी ओट्यावर बसले: आजी, तिन्ही भावंडं, दोन्ही सुना, जावई. त्या दिवशी कळलं की आजींना पहिल्यापासून वाडी विकायची नव्हती. मग बोलल्या का नाहीत? "बोलू नको म्हणून सांगितलं होतं ना मला," त्या म्हणाल्या. "मग देवाला सांगितलं. तिथे कोण अडवणार?"

आम्ही इतके दिवस त्यांचा तो पहिला हेतू टोमणा समजत होतो. घरातल्या सगळ्यांत मोठ्या वाटेकरणीला तोंड उघडायला एवढी एकच जागा उरली होती.

गटातून गेलेली बातमी

इथे मध्येच एक अपघात झाला. एप्रिलच्या बैठकीत जोडप्याने किती सांगावं, हा प्रश्न होता. गटात मनमोकळं बोलायचं असतं, आणि आम्ही गटप्रमुख म्हणून त्यालाच उत्तेजन दिलं. जमिनीचा विषय गावात कसा धावतो ते माहीत असूनही. दोघांनी वाडीचं नाव घेतलं. बाहेर बोलायचं नाही असं सगळ्यांनी कबूल केलं होतं. नऊ दिवसांनी एक दलाल त्यांच्या ओट्यावर येऊन बसला: सौदा मोडणार असं ऐकलं, आपल्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे.

कोण बोललं ते आम्ही शोधलं नाही. बायकोने पुढच्या काही बैठकांना यायचं नाकारलं, आणि आम्ही तिला आग्रह केला नाही. जूनमध्ये गटाने एक नियम केला: मनातलं सांगायचं, पण जमीन, पैसा आणि तिसऱ्या माणसाची गुपितं गटात आणायची नाहीत, ती फक्त फादरांकडे किंवा एका जोडप्याकडे. हा नियम आधी असता तर बरं झालं असतं. फादरांनी तो दोन वर्षांपूर्वी सुचवला होता, तेव्हा आम्हाला तो अविश्वासाचा वाटला होता.

मुलीला कुणी विचारलं

तिचं उत्तर आम्हाला कळलं ते मेमध्ये. माझी पत्नी तिला स्कूटरवरून क्लासला सोडत होती. वाटेत सहज विचारलं. ती म्हणाली, "मला देवाचं काही नाही. मला त्या अर्ध्या तासाचं आहे." रात्री झोपताना ती एकटी प्रार्थना करते, आणि आजोबांसाठी रोज एक दशक म्हणते, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

जिच्यामुळे विषय निघाला तिला विचारायला आम्हाला दोन महिने लागले.

प्रार्थनेचं पुढे काय केलं

एप्रिलपासूनच एक तात्पुरता नियम घातला होता: हेतूंमध्ये त्या खोलीत बसलेल्या कुणाचाही उल्लेख नको, नाव घेऊन नाही आणि आडूनही नाही. आडून म्हणजे काय हे ठरवायचा अधिकार मुलाला दिला. तो चोख पंच निघाला. आजींना त्याने पहिल्याच आठवड्यात दोनदा बाद केलं.

आजींची पूर्ण रोझरी त्यांना परत मिळाली: आठला, ओट्यावर, ज्याला बसायचं त्याने बसावं. घराची प्रार्थना वेगळी, सव्वानऊला, एक दशक आणि आभाराचं एक वाक्य. आजींना वाटलं होतं की मापात मारलं म्हणून देव रागावेल. फादरांनी त्यांना पोप फ्रान्सिस यांच्या २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या कुटुंबावरच्या पत्रातला एक परिच्छेद मराठीत समजावून सांगितला: रोज थोडी मिनिटं काढून एकत्र यावं, काळज्या सांगाव्यात, गरजा मागाव्यात, आभार मानावेत. त्याच पत्रात नवरा-बायकोंनी एकत्र प्रार्थना करावी आणि प्रत्येकाने एकटीनं-एकट्यानंही करावी असं म्हटलंय, कारण प्रत्येकाचा आपला एक गुप्त क्रूस असतो. मुलीच्या एकटीच्या दशकाबद्दल नवऱ्याची जी कुरकुर होती, ती इथे थांबली.

शेवटी काय झालं

सौदा मोडला. खरेदीदाराने इसार परत घेतला, पण महिनाभर तोंड वाकडं करून. कर्जात गेलेले दीड लाख बायकोने पतपेढीतून उचलले. नवऱ्याला याच गोष्टीची सगळ्यांत जास्त भीती होती. उरलेल्या कर्जाचे हप्ते आता दोघं वाटून भरतात. रस्त्याकडचा तुकडा विकावा, विहिरीकडचा ठेवावा, असं ओट्यावर ठरलं. धाकट्या भावाला ते पूर्ण मान्य नाही, त्याला विरारमध्ये घर घ्यायचं आहे आणि त्याची घाई खरी आहे. मोजणी व्हायची आहे. भावाभावांचं बोलणं कामापुरतं चालतं.

जोडपं महिन्यातून एकदा बसतं. दोनदा चुकलं, एकदा भांडून उठले. बायको सप्टेंबरपासून गटात परत येते, पण आधीसारखी बोलत नाही.

मुलगी शनिवारी आणि रविवारी बसते. एरवी नाही.

पुन्हा असं घर समोर आलं तर

पहिल्या दिवशी तक्ता देणार नाही, हे नक्की. वेळ, लांबी, कोण चालवणार, या गोष्टी ठरवणं सोपं असतं आणि ठरवल्याचं समाधान मोठं असतं, म्हणून आम्ही तिकडे धावलो. आधी घरातल्या प्रत्येकाशी, अगदी अकरा वर्षांच्या पोराशीही, वेगवेगळं बोलायला हवं होतं. आजींशी तर सगळ्यांत आधी. आम्ही त्यांना प्रश्नाचा भाग मानलं, साक्षीदार मानलंच नाही.

मोठ्याने हेतू मांडण्याची पद्धत चांगली आहे, पण भांडण चालू असलेल्या घरात ती पहिल्यांदा थांबवावी, असं माझं आता मत आहे. माझ्या पत्नीचं नाही. तिचं म्हणणं, ते हेतू नसते तर वाडी विकली गेली असती आणि कुणाला कळलंही नसतं. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

फादर मार्चच्या बैठकीला नव्हते, तर बैठक पुढे ढकलता आली असती. जेवण तयार होतं म्हणून ढकलली नाही.

ऑक्टोबरात रोझरीच्या महिन्यात मरियामातेची मूर्ती घरोघरी फिरत त्यांच्या ओट्यावर आली. आळीतली पंचवीस-तीस माणसं जमली होती. हेतूंची वेळ आली तेव्हा आजींनी आधी नातवाकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "पाऊस चांगला झाला, त्याबद्दल." गुरुवार होता. आळीने प्रकाशाची रहस्ये म्हटली, आजीही म्हणाल्या. मूर्ती पुढच्या घरी गेल्यावर त्या परत ओट्यावर येऊन बसल्या आणि आनंदाची पाचही एकट्यानं म्हणून घेतली.